वडिलांनी केलेला बंगला

दुसरीच्या बाईंना मुलांचा कधी राग येत नसे; येई तो पालकांचा. सत्राच्या पहिल्याच सभेत त्यांनी बजावलं होतं, "या सत्रात आपण मोजमाप शिकणार. घरी मुलांना पट्टीनं मोजून पुठ्ठ्याचं घर करू द्या. चुकलं तर चुकू द्या." सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

आठवड्याभरात एक वडील दुमजली बंगला घेऊन हजर झाले. खिडक्यांना काचा, गच्चीवर झोपाळा. मागून त्यांची लेक रिकाम्या हातांनी आली.

"हा तू केलास?" बाईंनी तिला विचारलं.

"मला हातसुद्धा लावू दिला नाही."

"हिनं वाट लावली असती हो," वडील ऐटीत म्हणाले.

एवढा घोडा झालाय, आणि शाबासकी हवी दुसरीतली! बाईंना किळस आली. "छान जमलंय तुम्हाला. उद्यापासून वर्गात बसा."

टोमणा डोक्यावरून गेला. गृहस्थ खूश होऊन हसले, बंगल्यासोबत स्वतःचा फोटो काढून निघून गेले.

बाईंनी त्या मुलीला पुठ्ठा, पट्टी आणि कात्री दिली. दुपारपर्यंत तिचं घर उभं राहिलं, एका अंगाला कललेलं. बाईंनी ते खिडकीत मांडलं. बंगला मात्र कपाटावर, जुन्या झाडूशेजारी गेला.