देवदूताचं सोनं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते.

माझी शाळा नववीतच सुटली. तरी पुण्याच्या ताईंनी मला सिंगापूरला आणलं, बेडोकजवळच्या त्यांच्या सासरच्या बंगल्यात कामाला. उपकारच ते. सासरे कॅथलिक, हौशी माणूस. युरोपातला कुठलासा जुना राजवाडा विकला गेला, तेव्हा त्यातल्या खाजगी चॅपलची वेदी त्यांनी जहाजातून आणवली आणि घरातच चॅपल उभं केलं. ताई पाहुण्यांना सांगायच्या — राजघराणं वेदीसमोर बसायचं, नोकरांनी जाळीआडून प्रार्थना ऐकायची. हे सांगताना त्या माझ्याकडे बघायच्या? की मलाच तसं वाटायचं?

वेदीवर दोन सोनेरी देवदूत. एक काळवंडलेला. मला वाटलं, पितळ आहे. देवाची पितळी भांडी आपण कशाने घासतो? चिंच-मीठ लावलं, खसाखसा घासलं. ताई खूश होतील, एवढंच मनात — आणि फडक्यावर सोनं आलं. खाली नुसता तांबडा लेप आणि लाकूड.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पाहिलं. "कुणीतरी सोनं खरवडून नेलंय."

कामाला आम्ही दोघीच, मी आणि फिलिपिन्सची रोझा. त्या दिवसापासून आमच्या पिशव्या तपासल्या जाऊ लागल्या. रोझा माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. तिला चिंचेचा वास आला असेल? ती सांगेल? तिच्या आधी मीच —

ताईंनी मला एकटीला गाठलं. "तू आपली म्हणून विचारते गं. रोझा चॅपलमध्ये काय करते?"

"दार लावून घेते, ताई," मी म्हणाले.

लावायची खरंच. रोज सकाळी, प्रार्थनेसाठी. तेवढं मी सांगितलं नाही.

आठवड्यात तिचं वर्क परमिट रद्द झालं. तिची दोन मुलं तिच्याच कमाईवर शिकत होती, हे मला ठाऊक होतं. निघताना ती मला म्हणाली, "सिस्टर, मॅडमचं गुडघ्याचं औषध विसरू नको हं." तिला काहीच माहीत नव्हतं. संशय सगळा माझाच.

चॅपलची किल्ली ताईंनी माझ्याकडे दिली. विश्वासाची बाई म्हणून. आता त्यांना उभं राहवत नाही, म्हणून पाहुण्यांना चॅपलही मीच दाखवते. राजवाडा, जहाज, सासरे, सगळं पाठ आहे. देवदूतापाशी आले की सांगते, "इथलं सोनं एका बाईने चोरलं. फिलिपिनो होती."

गेल्या रविवारीही सांगितलं.