लुगडं नेसलेली मातीची बाई

आमच्या गावाकडं जंगलात पाऊल टाकलं की वाघाचं नाव कोणी घेत नाही. 'तो' म्हणतात, फार तर 'जनावर'. लग्नानंतर मी भद्रावतीला गेले, तिथं भट्टीवर मातीचं काम शिकले, स्वतःच्या हातानं मूर्ती घडवू लागले, चार शिकल्यासवरल्या लोकांत ऊठबस झाली, तरी ही सवय गेली नाही. आता घरात बसले आहे म्हणून तो शब्द लिहिला. झाडाखाली बसून लिहिला नसता.

माझं माहेर सावली गावाच्या पुढं, जिथं धानाच्या बांध्या संपतात आणि सागाचं रान सुरू होतं तिथं. त्या रानातल्या जुन्या गाडीवाटेवर एका धर्मादाय संस्थेनं शिल्पं मांडायचं ठरवलं. लोकांनी वाटेनं चालावं, झाडांमधली शिल्पं पाहावीत, गावात जेवावं, गावाच्या हाताला काम मिळावं, अशी कल्पना. संस्थेच्या मॅडम मनानं चांगल्या. एकच खोड होती, त्यांना प्रत्येक गोष्ट सुंदर वाटायची. आमचं सारवलेलं अंगण सुंदर, आईच्या टाचांच्या भेगाही सुंदर. आईनं त्या दिवशी पाय लुगड्याखाली ओढून घेतले ते मॅडम जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

चिचेच्या झाडाखाली गावाची बैठक झाली. वाटेच्या शेवटी मॅडमना मोठा वाघ हवा होता. मग एक म्हातारे भाऊ उठून म्हणाले, "तेवढं नोका करू बाई. त्याची मूर्त कराल तं तो पाहाले येईन." मॅडम हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही. शेवटी वाघ रद्द झाला. लोहारानं लोखंडी कासव केलं, सुतारानं सागाच्या खांबावर मोर कोरले, आणि माझ्या वाट्याला मोहफुलं वेचणारी बाई आली. तिला कोणी हरकत घेतली नाही. बाईच्या मूर्तीला कोण भिणार?

त्या मूर्तीसाठी मला कोणाला समोर उभं करावं लागलं नाही. कमरेत वाकलेली बाई, एक हात गुडघ्यावर, एक जमिनीकडं, मान खाली, बाजूला टोपली. चैत लागला की मोह पहाटे गळायला लागतो आणि उन्हं तापायच्या आत वेचून घ्यावा लागतो. त्यामुळं लहानपणच्या आठवणींत मला आईचा चेहरा कमी दिसतो, पाठच जास्त. तीच पाठ मी भद्रावतीला तुकड्यातुकड्यानं घडवली, आतून पोकळ ठेवून भाजली आणि गावात आणून लोखंडी सळीवर जोडली. वाटेच्या वळणावर, आमच्याच मोहाच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. जंगलातल्या मोहाला मालक नसतो, पण कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे अख्ख्या गावाला पाठ असतं. ते झाड आईच्या सासूपासून आमच्याकडं आहे.

आई बघायला आली. मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काऊन वं, मले उघडी उभी केली?"

"उघडी कुठी हाये? लुगडं केलं ना मातीचं. चुण्या पाह्य."

"मले तं पाठच दिसून राह्यली. येनारे-जानारे पाह्यतीन."

भाजलेल्या मातीचा रंग अंगाच्या रंगासारखाच, त्याला मी काय करणार? माझा संताप झाला. एवढं महिनाभर राबून घडवलेलं लुगडं तिच्या डोळ्यांना दिसेना. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं जुनं हिरवं लुगडं आणून मूर्तीला नेसवलं. ती मोह वेचायला नेसायची तेच. कितीदाही धुतलं तरी घामाचा आणि मोहाचा वास न सोडणारं. शेजारणीनं कपाळाला कुंकू लावलं, कोणी हातात बांगड्या अडकवल्या. मॅडमना अर्थातच ते फार सुंदर वाटलं.

मला मात्र पहिल्या दिवसापासून ते नको वाटत होतं. मोहाच्या दिवसांत मी चार-आठ दिवस माहेरी मदतीला यायचे. पहाटेच्या अंधुक उजेडात वळणावर आले की आई दोनदा दिसायची, एक इकडं वाकलेली, एक तिकडं. त्यातली कोणती हलते ते कळेपर्यंत मी जागची हलायचे नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मातीले भेते का वं?" मी भीत होते. कशाला ते सांगता येत नव्हतं, पण भीत होते.

मोह वेचणाऱ्या बाया एकमेकींना 'हूऽ' घालतात. जी ती आपापल्या झाडाखाली, दुसरी दिसत नाही, म्हणून मधूनमधून एकीनं हूऽ घालायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. एखादीचं उत्तर आलं नाही, पुन्हा घातली तरी आलं नाही, तर तिच्याकडं धावायचं नाही. तोंड फिरवून गावाकडं जायचं आणि माणसं घेऊन यायचं. हे लहानपणीच शिकवलेलं असतं. वनखात्याचा गार्डही येऊन सांगायचा, "उभ्या माणसाले तो सहसा हात लावत नाई. वाकलेलं माणूस त्याले चारपायी वाटते. घडीघडी उभ्या होत जा." पण घडीघडी उभं राहून मोह वेचून होत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

त्या सकाळी मी मागं राहिले होते. शेळी दूध द्यायला अडून बसली होती. आई दोघी शेजारणींबरोबर पुढं गेली. शेवटच्या बांधीवर पोहोचले तेव्हा मी हूऽ घातली. शेजारणींची उत्तरं आली, एक डावीकडून, एक नाल्याच्या अंगानं. आईचं आलं नाही. तिची हूऽ जाडी असते, शेवटी तुटते, मी झोपेतही ओळखेन. मी पुन्हा घातली. पुन्हा त्या दोघीच. आणि मग त्याही गप्प झाल्या. त्यांनी ओळखलं होतं. त्या दोघी गावाकडं फिरल्या असणार हे मला कळलं, मीही फिरायला हवं होतं. पण पाय पुढंच गेले.

वळणावर हिरवं लुगडं वाटेत पडलं होतं. लांबच लांब, झुडपात ओढत गेलेलं. कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या घटकेला मला मूर्ती आठवली नाही. मी घडवलेली, मी भाजलेली, मी उभी केलेली ती बाई माझ्या डोक्यातून पार पुसली गेली. एवढंच उरलं की हे माझ्या आईचं लुगडं आहे आणि त्यात आई नाही. मग झुडपाआडून मडकं फुटल्यासारखा आवाज आला. जरा थांबून पुन्हा आला.

तेव्हा कळलं. तो माती फोडत होता.

त्यानं ओढून नेली ती आई नाही म्हणून जीव भांड्यात पडला, आणि पडतो न पडतो तोच दुसरा विचार आला. मग आई कुठं आहे?

ती मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. ताठ. इतकी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. रिकामी टोपली पोटाशी धरलेली, डोळे झुडपावर. मान न वळवता तिनं हात जरासा वर केला. मी झुडपाकडं तोंड ठेवून, आडवी सरकत तिच्यापाशी गेले. तिनं माझं मनगट पकडलं. "वाकू नोको," एवढंच पुटपुटली.

झुडूप आमच्यापासून फार लांब नव्हतं. तो दिसत नव्हता. खापरं दाढेखाली रगडल्याचा आवाज, मग फुसकारा, मग पाचोळा. मग काहीच नाही. आवाज येत होता तोवर तो कुठं आहे हे तरी कळत होतं. आवाज थांबला आणि मला वाटलं, आता तो आमच्याकडं बघतोय. मला रडू येत होतं, खोकला येत होता, लघवी आवरत नव्हती. आईच्या पाठीतला थरकाप झाडाच्या सालीतून माझ्या पाठीला लागत होता. आम्ही तशाच उभ्या राहिलो. गावाकडून डबे आणि ढोल वाजत आले तेव्हा ऊन अंगावर आलं होतं.

मूर्तीचं धड झुडपात सापडलं. डोकं वेगळं पडलं होतं, हात कुठल्या कुठं. गार्डनं धड उलटं केलं आणि मानेवर बोट ठेवलं. भाजलेल्या मातीत दातांच्या खुणा होत्या, खोल. "मांगून आला," तो म्हणाला, "सिद्दी मान धरली." माझा हात आपोआप माझ्या मानेवर गेला. आईनं खुणा पाहिल्या. मग म्हणाली, "मलेच नेलं त्यानं."

मॅडम आल्या, आईचे हात हातात घेऊन रडल्या. त्या दिवशी त्यांनी सुंदर हा शब्द काढला नाही. पण त्यांच्याबरोबरच्या एका पाहुण्यानं सुचवलं, दातांच्या खुणांसकट मूर्ती जोडून पुन्हा उभी करू, लोक लांबून बघायला येतील. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. खापरं मी पोत्यात भरली आणि नाल्याच्या काठी पुरली. लुगडं आईनं जाळलं.

आमच्याकडं त्यानं जिथून माणूस नेलं त्या जागी येता-जाता दगड ठेवायची रीत आहे. दुसऱ्याच दिवशी आई त्या वळणावर थांबली, एक दगड उचलला आणि सळीच्या बुडाशी ठेवला. शेजारीण घाबरली. "जितेपनी कोनी ठेवते का वं आपलाच?"

"त्याले वाटून राह्यलं मी संपली," आई म्हणाली. "वाटू दे."

ती मोहाला जायची थांबली नाही. मी विनवून पाहिलं, भांडून पाहिलं, भद्रावतीला चल म्हटलं. एक मोसम झाड सोडलं की ते आपलं राहत नाही, हे तिचं एकच उत्तर. रोज जाताना एक दगड ठेवायची. शिल्पवाट बघायला येणारी माणसंही ढीग बघून दगड टाकू लागली. त्यांना तेही शिल्पच वाटलं. कोणी त्यांना सांगितलं नाही. ढीग मोठा झाला की आईला बरं वाटायचं. मला भद्रावतीला रोज सकाळी तिचा फोन येईपर्यंत चहा गिळवायचा नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. वाकता येत नाही, म्हणून वेचायला मी आले. पहिल्या पहाटे ती काठी टेकत माझ्याबरोबर निघाली. घरीच थांब म्हटलं तर ऐकलं नाही. वळणावर ढिगाशी थांबली, आपला दगड ठेवला. मग दुसरा उचलला. माझ्या मानेवरचे केस बाजूला केले, तो थंड दगड मानेवरून, पाठीवरून नीट फिरवला, माझा घाम लागेपर्यंत, आणि आपल्या दगडाशेजारी ठेवून दिला.

आम्ही झाडाखाली आलो. ती बुंध्याला पाठ लावून उभी राहिली, आणि मी वाकले.