अक्काचे चार दिवस

योग्याकार्ताला जायचं खूळ अक्काचं. जावा बेटावरचं हे जुन्या राजांचं शहर तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, आणि त्याचं नाव अयोध्येवरून पडलंय हे कळल्यावर तर तिचं ठरलंच. "फक्त चार दिवस," ती म्हणायची, "चार दिवस कुणीही सांभाळेल पाट्टीला."

पाट्टी म्हणजे अक्काच्या सासूबाई. नव्वदी कधीच उलटलेली, पायांत जोर नाही, सगळं अंथरुणात. अक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशात, म्हणजे घरात या दोघीच. आमचं दार त्यांच्या दारासमोर. मी नाशिकची, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे चेन्नईत आले ती इथलीच झाले. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. कुणी जुनं मोडीतलं पत्र तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटायचं. तिला माझं मराठी भांडल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, माझी जीभ तिखटच आहे, माहेरापासून ऐकत आलेय.

पाट्टीची आंघोळ आटपली की अकराच्या सुमाराला आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर बेत मांडायचो. पहिल्या दिवशी प्रंबननची देवळं आणि संध्याकाळी तिथेच उघड्यावर होणारं रामायणाचं नृत्य. दुसऱ्या दिवशी बोरोबुदुरचा स्तूप. तिसऱ्या दिवशी सुलतानाचा राजवाडा. चौथ्या दिवशी अक्का बाटिकची खरेदी लिहायची, मी ती खोडायचे, ती परत लिहायची. बरोबर तिचा पुळीसादम, म्हणजे चिंचेचा भात, न्यायचा की माझं मेतकूट, यावरून दोन दिवस अबोला झाला होता. बोरोबुदुरला पायऱ्या फार म्हणून रोज संध्याकाळी लिफ्ट सोडून आम्ही चार मजले चढायचो. तिसऱ्या मजल्यावर ती बसकण मारायची. "अक्का, ऊठ. बुद्ध काही खाली येऊन भेटणार नाही," मी म्हणायचे, आणि ती हसत हसत गुडघे चोळायची.

पण चार दिवस सांभाळणारं ते "कुणीही" काही मिळेना. म्हणजे बायका यायच्या, अक्काच नापास करायची. एकीचे हात रखरखीत, दुसरी फोनवर बोलते, तिसरीने दहीभात नीट कालवला नाही. मे महिन्याचा बेत जूनवर गेला, जूनचा ऑगस्टवर. मी आतल्या आत धुमसायला लागले. मला तिथे जायचं होतं म्हणून नव्हे. अक्काने लग्नानंतर सासर आणि दवाखाना सोडून काही पाहिलं नव्हतं, तिने एकदा तरी पाहावं असं मला मनापासून वाटत होतं.

चेन्नईत आमच्यासारख्यांना एक वाईट खोड लागते. बसमध्ये, दवाखान्यात, भाजीवालीसमोर, मनात येईल ते मराठीत बोलून मोकळं व्हायचं. कुणाला कळतंय? पाट्टी माझ्याशी तमिळच बोलायच्या, अक्काशीही तमिळच. ऐकूही कमी यायचं. त्यांना मराठी येतं का, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी अक्का त्यांना भरवत होती आणि भरवता भरवताच म्हणाली, "आतां दिवाळीनंतरच बघूं." माझं डोकं सटकलं. त्यांच्या उशाशी उभी राहून मी म्हणाले, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. तुझे ते चार कधी येणार गं? ही म्हातारी शंभरी गाठणार. ही आहे तोवर तू या घराबाहेर पडत नाहीस, लिहून ठेव."

अक्काचा हात थांबला. "असें बोलूं नये," एवढंच म्हणाली आणि पदराने पाट्टीचं तोंड पुसलं. मी तणतणत घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून पाट्टी घासाला तोंड उघडेनात. डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. अक्का वाटी घेऊन तासन्‌तास बसायची, लहान मुलासारखं चुचकारायची. पाच दिवस असे गेले. मग अक्कानेही जेवण सोडलं. "तुम्ही जेवाल तेव्हा मी," असं तिने पाट्टीच्या कानाशी तमिळमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट्टी जेवल्या. कॅलेंडरची पानं कपाटात गेली, आणि तो विषय आम्ही दोघींनीही पुन्हा काढला नाही.

फेब्रुवारीत अक्का गेली. सकाळी पाट्टीची वेणी घालताना छातीत दुखायला लागलं, दुपारी सगळं संपलं. मुलगा आला, दिवस वगैरे केले, आणि पुढच्या आठवड्याभरात पाट्टीसाठी दोन बायका ठेवून परत गेला. दोन मिळाल्या. चांगल्या आहेत त्या, हातही मऊ आहेत. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांचा काही दोष नाही हेही कळतं. अक्काशिवाय मला करमत नाही. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर माझे पाय आपोआप थांबतात.

अकरा वाजता मी अजून जाते. गेल्या महिन्यात एकदा दिवसपाळीची बाई औषधं आणायला गेली होती म्हणून भात मीच भरवत होते. दोन घास घेतल्यावर पाट्टीने माझं मनगट धरलं आणि मराठीत बोलल्या. तीच अक्काची चाल.

"तूं त्या दिवशीं बोललीस, तें मजला कळलें होतें."

हातातला घास मी वाटीत परत ठेवला.

"खरें बोललीस. म्हणून मी जेवण सोडिलें. मी गेलें तर ती जाऊन बघून येईल, म्हणून. तिनें ऐकिलें नाहीं."

मला क्षमा मागायची होती. पाट्टीने मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. वाटीत अजून अर्धा भात होता.