गाठ पाठीवर असताना

"सातचा पाढा म्हण," धाकटा सेठ म्हणाला.

माझ्या पाठीवर साड्यांची गाठ होती. पाय जिन्याच्या चौथ्या पायरीवर.

गांधीबागेतलं ठोक कापडाचं दुकान. खाली गादी, वर गोदाम. मी तिथला हमाल, वय बासष्ट. गादीवर बाहेरगावचे व्यापारी चहा पिऊन राहिले होते. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण पाढे बारापर्यंत पाठ आहेत. म्हटलं, दाखवून देऊ. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिकले पायाखालची पायरीच हरवली. गाठीसकट खाली आलो. कोपर फुटलं. सगळे हसले. एकाच्या नाकातून चहा आला.

सेठ त्यायले म्हणाला, "पागल आहे. ओझं चांगलं उचलते, पण बोललं का पडते. म्हणलं होतं ना?"

म्हणजे आधीच सांगून ठेवलं होतं. मी तमाशा होतो, अन् मलेच माहीत नव्हतं.

मले स्किझोफ्रेनिया आहे. जवानीपासून. कानात माणसं बोलतात. गोळीनं त्यायचा आवाज बारीक झाला, बंद नाही झाला. त्यायच्याकडं लक्ष न देणं हे माझं दिवसभराचं काम. ओझं हे दुसरं काम. अन् वरून कोणी काही विचारलं का तिसरं. आता हे सांगता येते. तेव्हा मले बी वाटे, डोकं गेलं तसे पाय बी गेले.

कोपर बांधायले सरकारी दवाखान्यात गेलो. तिथंच माझ्या गोळ्यांची डॉक्टरबाई बसते. कसं पडले विचारलं, मी सांगितलं. तिनं मले फरशीच्या रेघेवर चालवलं. सरळ चाललो. मग म्हणाली, चालता चालता भाज्यायची नावं सांगा. वांगं, भेंडी, अन् मी भिंतीले लागलो. ती म्हणाली, या आजारात पुष्कळायचं असं होते. तोल सांभाळणं अन् बोलणं एका वेळी जमत नाही. थोडं गोळ्यांनी बी होते. यात लाजायचं काही नाही.

मले राग आला. कालची पोरगी मले चालणं शिकवते. घरी आलो अन् पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळेचा गुंड डोक्यावर घेऊन चालू लागलो. बायकोले म्हटलं, तू बोलत राहा वं. पाणी सांडलं. मग म्हटलं, चूप बस. थेंब नाही सांडला. आठ दिवस हेच. शेवटी ती म्हणाली, "घराचं सक्करदऱ्याचं तळं केलं जी तुम्ही. आता तरी माना."

मानलं. डॉक्टरबाईचं नाही, गुंडाचं.

दुसऱ्या दिवशी गादीवर पुन्हा व्यापारी. मी गाठ घेऊन जिन्याच्या मधात. धाकटा सेठ म्हणाला, "म्हातारबा, बायकोचं नाव सांग."

मी थांबलो. गाठ पायरीवर ठेवली. जिना अरुंद. वरून उतरणारा माणूस अडला, खालून चढणारा अडला. मी भिंतीले हात लावून उभा.

"काहून थांबला गा?" सेठ ओरडला.

"तुम्ही बोलले म्हणून. माझ्याशी बोलायचं असन तर गाठ खाली राहीन. गाठ वर पाहिजे असन तर तोंड बंद ठेवा."

गादीवर कोणी हसलं नाही. सेठचं तोंड लाल. म्हणाला, उद्यापासून येऊ नको. येईन, म्हटलं, अन् गाठ उचलली. दोन पायऱ्यांनी तो पुन्हा काही बोलला. मी पुन्हा गाठ ठेवली. तो चूप होईपर्यंत ठेवलीच. मग वर गेलो.

कानातले म्हणतात, तुले काढतीन. काढू द्या. गांधीबागेत दुकान काय एकच आहे? नव्या दुकानात पहिल्याच दिवशी सांगीन का मले हा आजार आहे, माझ्या पाठीवर ओझं असताना कोणी बोलायचं नाही. तरी कोणी बोललं अन् मी गेलो खाली, तर पडलो असं म्हणणार नाही. पाडलं म्हणीन. कोणी पाडलं, ते त्याचं नाव घेऊन त्याच्याच गादीसमोर उभा राहून म्हणीन.