रजेवरच्या बाईंची जागा

माझी पहिली नोकरी दुसरीच्या बाळंतपणावर लागली. हसू नका, तसंच होतं ते. केनवडच्या अलीकडे एका खेड्यात हायस्कूल होतं. तिथल्या गणित-विज्ञानाच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. दहावीचा नवा अभ्यासक्रम नुकताच आलेला, गणित-विज्ञान पोरींनाही सक्तीचं झालेलं, आणि शिकवायला बाईमाणूस नसलं की लोक मोठ्या पोरींना घरी बसवत. म्हणून दसरा झाल्याबरोबर घाईघाईनं मला घेतलं. "बाई परत येईपर्यंत," हेडमास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

माय जऊळक्याला. वडील गेल्यापासून ती लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करत होती, आणि त्यावरच मी बी.एस्सी. झाले, आमच्या बौद्धवस्तीतली पहिली. मला नोकरी लागल्याचं ऐकलं आणि तिनं दुसऱ्याच दिवसापासून वावरात जाणं बंद केलं. बाया बोलवायला आल्या तर म्हणाली, "मी नाही येत वं आता. माही पोरगी मास्तरीन झाली." मी म्हटलं, "माय, तात्पुरती हाय नोकरी. बाई आल्या की मले सुट्टी." तर म्हणते कशी, "तू चांगली शिकवजो. मंग कोन काढते तुले?" आता हिला कोण समजावणार! त्या दिवसापासून मी बाईंच्या परत येण्याचे दिवस मोजू लागले.

गाव तर अशा वेळी मदतीला धावून येतंच. शाळेचा शिपाई रोज घंटा देऊन झाली की मला धीर द्यायचा, "पोरगं झालं ना बाईले, तं सासू धाडतच नाही पाहा. पोरगी झाली तं येतील." किराणा दुकानदाराचं नेमकं उलटं. पोरगं झालं तर सासू खुशीत येईल आणि सुनेला मोकळी सोडेल म्हणे. मी मधल्या मधे! लेकरू सुखरूप होऊ दे, एवढंच मी म्हणायची, आणि पुढचं वाक्य गिळून टाकायची.

शाळा सडकेला लागूनच होती. एसटी थांबली की फळ्यावरचा माझा खडू थांबायचा. कोण उतरलं? पोरींना हे कधी कळलं कोण जाणे, पण खिडकीजवळची एक जण वाकून पाहायची आणि हळूच म्हणायची, "नाही आल्या जी." मेली! मला हसूही यायचं आणि रडूही.

दिवाळी झाली, कापूस फुटला, आणि नववीच्या पोरी वेचणीला जाऊ लागल्या. हेडमास्तरांनी मला बोलावलं. नववीला दोन तुकड्या होत्या आणि तपासणी तोंडावर आली होती. म्हणाले, "पोरी अशाच गळाल्या तं एक तुकडी बंद होते, अन् तुकडी गेली की गणिताची जागाच जाते. तुकडी टिकवा बाई, मंग जागा टिकते." हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारंच शिरलं. जागा टिकली की मी टिकले, असं मी खुशाल धरून चालले. जागा कुणाची, हे डोक्यातच आलं नाही. भीतीनं माणसाची अक्कल कशी गहाण पडते पाहा!

शाळा सुटली की मी पोरींच्या घरी जायची. कुणी ओसरीवर बसवलं, कुणी अंगणातच उभं ठेवलं. कुठं मला चहा घरच्या कपात मिळाला, कुठं आमच्या लोकांसाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला कप बाहेर आला. तोही चहा प्याले. नोकरीसाठी माणूस काय काय गिळतं! शेवटी आयांशी बोलून तोड निघाली. पोरी सकाळी उजाडल्यापासून वेचतील आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेत येतील, मी गणित-विज्ञान दुपारून घेईन. हेडमास्तर कुरकुरले, पण त्यांनी वेळापत्रक फिरवलं. पोरी वावरातून तडक वर्गात यायच्या, वेण्यांत कापसाचे तंतू, बोटांना बोंडांचे ओरखडे. पेंगायच्या बिचाऱ्या. मी मधूनच मोठ्यानं बोलून त्यांना जागं करायची.

खिडकीजवळच्या त्या पोरीची माय सगळ्यांत कडक. तिनं मला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा म्हणाली, "धाडतो पोरीले. पण तुमच्या भरवशावर, बाई. शाळेच्या नाही."

तपासणी झाली. वर्ग भरलेला होता. तुकडी टिकली. त्याच सुमाराला बाईंना मुलगा झाल्याची खबर आली, तेव्हा शिपाई वर्गाच्या दारातूनच ओरडला, "जमलं बाई तुमचं!" मी त्याला दटावलं, पण रविवारी घरी गेले तेव्हा माझ्या तोंडावरूनच मायला समजलं. ती वस्तीभर सांगत फिरली, पोरगी आता पक्की झाली म्हणून. मी तिला अडवायला पाहिजे होतं. पण खरं सांगू, मलाही ते ऐकायला फार गोड लागत होतं.

संक्रांत होऊन गेली. एक दिवस दुपारी एसटी थांबली, आणि खिडकीजवळची पोरगी वाकून पाहून काहीच बोलली नाही.

बाई आल्या होत्या. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मागं तोंड पाडून सासू. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुकडी गेली असती तर माझी जागा गेली असती हो. सासूबाई तेच म्हणत होत्या, जाऊ दे, घरी बस. तुमच्यामुळं वाचली." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. रोज रात्री माहेरी काळजीनं झोप यायची नाही म्हणाल्या. मला चिडायचं होतं, कडकडून चिडायचं होतं, पण कुणावर चिडू? तीही माझ्यासारखीच भ्यालेली. "बाळ छान आहे," मी म्हटलं. होतंही छान.

पिशव्या घेऊन सडकेवर एसटीची वाट पाहत उभी राहिले. बाजूच्या वावरात त्या पोरीची माय हरभरा सोंगत होती. मला पाहून विळा घेऊन धुऱ्याच्या बांधापर्यंत आली.

"चालल्या म्हनं तुमी?"

"हो. कायमच्या बाई आल्या."

"मंग आमची बी उद्यापासून हरभऱ्याले येते."

"अहो, असं काय करता! बाई चांगल्या आहेत, माझ्याहून चांगल्या शिकवतात."

"मी तुमच्या भरवशावर धाडलं व्हतं. अन् तुमाले तरी काय भेटलं शिकून? लागली अन् गेली नोकरी."

आता मात्र माझं डोकं फिरलं. दुपारपासून गिळलेलं सगळं वर आलं, आणि आलं ते आमच्या घरच्या बोलीतच. "काय भेटलं सांगू? माही माय यंदा वेचणीले गेली नाही. मले समजते तवापासून दर साल कमरेले कापसाची ओटी बांधून जाताना पाह्यलं मी तिले. यंदा नाही गेली!"

तिनं विळा धुऱ्यावर ठेवला. "बिलकूल नाही?"

"नाही."

"पुरा हंगाम?"

"पुरा."

तिनं विळा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "लय झालं, बाई." तेवढ्यात एसटी आली. पोरीचं काय ठरलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

जऊळक्याला पोचले तेव्हा माय दारातच होती. पिशव्या पाहिल्या, आत नेऊन ठेवल्या. पाणी दिलं. मग शेजारणीला हाक मारली, "काय वं, उद्या हरभरा कोनाच्या वावरात हाय?"

"मी बी येते," मी म्हटलं.

"तू नाही," माय म्हणाली.