तपासणी सदऱ्यावरून

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांबद्दल मला आजही आदर वाटत नाही. तो वाटावा म्हणून मी कधी धडपडही केली नाही.

माझे बाबा पिंगुळीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पंचावन्न उलटल्यावर नोकरीच्या मुदतवाढीसाठी त्यांना दरवर्षी प्रकृतीचा दाखला लागे. मॅट्रिकच्या वर्षी मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ बघितली, सदऱ्यावरूनच छातीला नळी लावली.

"काही तक्रार, गुरुजी?"

"कमरेला, धोतराच्या गाठीखाली जखम आहे. दोन पावसाळे गेले, भरत नाही."

"घामानं होतं. खोबरेल लावा."

बाबांचा हात सदरा वर करायला गेला होता. डॉक्टर तोवर सही करून खिडकीतून आपली नवी मोटारसायकल न्याहाळत होते. इतका शिकलेला माणूस, आणि एक सदरा उचलून बघायचा त्याला कंटाळा!

त्याच उन्हाळ्यात महारोगाच्या पाहणीला एक सरकारी माणूस गावात आला. किडकिडीत, घाटावरचा, सायकलवरून घरोघर हिंडणारा. त्याला बघून लोक दारं लावून घेत. आमच्या ओटीवर येऊन त्याने बाबांना सदरा काढायला सांगितला, तेव्हा बाबा भडकले.

"माका महारोगी समाजतंस काय रे?"

"नाही गुरुजी. पण अंग बघितल्याशिवाय मी कुणालाच बरं म्हणत नाही."

आई दारातून म्हणाली, "दाखवा ओ तेका. ती जखम तरी बघूंदे."

त्याने बाबांना डोळे मिटायला लावून, स्पर्श कळतो का विचारत अंगभर कापूस फिरवला. महारोग नव्हता. मग धोतर सैल करवून तो कमरेची जखम कितीतरी वेळ बघत राहिला, बोटाने तिच्या कडा दाबत राहिला.

"कडा कठीण झाल्यात. वर्षानुवर्षं गाठीखाली घासून कातडी कधीकधी अशी बिघडते. कर्करोगही असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही बेळगावला जा. आजउद्या करू नका."

आईने त्याला करवंटीतून चहा दिला. महारोग्यांना शिवणारा माणूस, त्याला कप कोण देणार? तो गेल्यावर ती करवंटी मी दोन बोटांत धरून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे फेकली. डॉक्टर आले असते तर त्यांना आम्ही चांगली कपबशी काढली असती. तेव्हा थोडी घृणा मला स्वतःसाठीही राखून ठेवावी लागते.

बेळगावला तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला. तळहाताएवढी कातडी कापावी लागली, पण रोग जांघेपर्यंत पोचला नव्हता. बाबा वाचले.

ते परतल्यावर एसटी स्टँडवर तालुक्याचे डॉक्टर भेटले. चार माणसांत मोठ्याने म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती, गुरुजी." बाबांनी हसून नमस्कार केला. मी तोंड फिरवलं.

बाबांनी धोतर सोडलं आणि सैल लेंगा धरला. पुढे दर दिवाळीत अभ्यंगाच्या आधी ते घरातल्या पुरुषांना अंगणात उजेडात उभं करून पाठ, कंबर, तळपाय बघत. आम्हा बायकांचं आईकडे सोपवलेलं. काका खो खो हसत आणि म्हणत, "मास्तराक येड लागला."

बाबा म्हणत, "हस कितीय. पण पाठ फिरव."