खरं बोलायचा महिना

माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे शाळेबद्दल शिकलेलं माणूस जे बोलेल ते मला पटायचं.

आमच्या आसेगावबाहेर शेत घेऊन पुण्याचं एक जोडपं दोन मुलांना घेऊन राहायला आलं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. मुलं शाळेत जात नव्हती, त्यांची आई, म्हणजे ताईच, घरी शिकवायच्या. सकाळी बांधावर फिरायचं, टिटवीची अंडी लांबूनच बघायची आणि वहीत काढायची. दुपारी ताई गोष्ट वाचून दाखवणार, मग मुलांनी ती आपल्या शब्दांत सांगायची. शिवाय दर महिन्याला एक गुण. नीटनेटकेपणाचा महिना, ऐकून घ्यायचा महिना, खरं बोलायचा महिना.

माझी पोरगी पाचवीत होती. ताई म्हणाल्या, "शाळेत नुसती घोकंपट्टी गं. तिलाही येऊ दे की इकडे." मला केवढा मान वाटला! आमच्या बौद्ध वस्तीत पोरगं उपाशी राहील, पण शाळा बुडवणार नाही. भाऊ भडकला. "तू सोडली थे कमी झालं का? आता पोरीलेबी घरी बसवून राह्यली?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं. मला तरी कुठं समजत होतं!

पोरगी रमली. रानभाज्यांतला कुरडू कोणता, तरोटा कोणता, हे तर तिनंच त्या मुलांना दाखवलं. अडखळत वाचणारी पोरगी जाड पुस्तकं वाचायला लागली. ते उपकार ताईंचेच, मी नाही म्हणत नाही.

मग निवासी शाळेच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. अट एकच, पोरगी वर्षभर शाळेत हजर असल्याची हेडमास्तरांची सही. सर भला माणूस. "नाव पटावर हाये, करतो सही," म्हणाले आणि पेन उघडता उघडता सहज तिला बोलले, "काय वं, येत होती ना शाळेत?"

"नाही सर. मी ताईच्या शेतात शिकत होती."

शेजारी दोन पालक बसलेले. सरांनी पेन खिशाला लावलं. "बाई, आता कशी करू? चार लोकायनं आयकलं."

रस्त्यावर मी तिला धरलं. "एकदा हो म्हणली असती त काय बिगडलं असतं?"

"खोटं नाही बोलायचं, ताईनं सांगतलं ना."

मी तिच्या थोबाडीत दिली. त्याआधी कधी हात उचलला नव्हता.

ताईंना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. "अगं, केवढं मोठं आहे हे! हेच तर रुजवायचं होतं." त्यांच्या मुलांची बाहेरून परीक्षेला बसायची सोय आधीच झालेली होती. त्यासाठीच ते पुण्याला परतले आणि मलाही सोबत घेऊन आले. पगार चांगला, वागणूक चांगली. तक्रार कोणत्या तोंडानं करू? पोरगी माझ्या आईजवळ आहे, गावातल्याच शाळेत, सातवीत. तीच सातवी जिथं मी थांबले. पुढं काय, या विचारानं जेवण जात नाही.

रोज फोन करते.

"शाळेत गेलती?"

"हो."

"बरी हायेस ना?"

"हो."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच तिचं उत्तर येतं. परवा आईनं फोनवर सांगितलं, चार दिवसांपासून पोरीला ताप आहे, शाळेत गेलीच नाही. मला सांगू नको असं पोरीनंच तिला बजावलं होतं.

मग पोरगी फोनवर आली. काहून खोटं बोलली, हे मी तिला विचारलं नाही.